साडेबाराचा अर्ज आणि मागची खिडकी

आमच्या गल्लीत गेल्या आठवड्यापासून दोन कागद फिरताहेत. सांगलीच्या विश्रामबागेत मुख्य रस्ता सोडून आत वळलं की एक शाकाहारी हॉटेल लागतं. जुन्या बंगल्याचं अंगण, अंगणात आंब्याचं झाड, झाडाखाली बारा टेबलं. अंगणातली बैठक रात्री साडेदहाला आवरायची, असं आजवर ठरलेलं. आता मालकानं ती साडेबारापर्यंत चालवायची परवानगी महापालिकेकडे मागितली आहे. एका कागदावर लिहिलंय, 'आमची काही हरकत नाही.' दुसऱ्यावर, 'आमची सक्त हरकत आहे.' दोन्ही कागद घेऊन आलेली माणसं रोजच्या बघण्यातली. दोघांनाही घरात बसवलं, चहा दिला आणि सही कुणालाच दिली नाही. दोघंही जरा नाराज होऊनच गेले. तेव्हा दारात उभ्या उभ्या जे नीट सांगता आलं नाही ते इथं लिहितो.

माझं मत असं की परवानगी द्यावी. मात्र आज जो अर्ज दिलाय त्यावर नको. त्या अर्जात वेळ सोडून दुसरं काहीच मागितलेलं नाही आणि दुसरं काही कबूलही केलेलं नाही. शेजाऱ्यांच्या कागदातही वेळेवाचून काही नाही. सगळी गल्ली साडेदहा की साडेबारा यावर भांडतेय, आणि ज्या गोष्टींनी झोप जाते किंवा राहते त्यांचा एकाही कागदात पत्ता नाही.

आधी परवानगी का द्यावी ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात वडिलांना मिरजेत दवाखान्यात ठेवलं होतं. दवाखान्याचं नाव घेत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकानं तेच असतं. कॅन्टीन साडेनऊला बंद झालं होतं. रात्री पावणेबाराच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, आता काळजी नाही. तोपर्यंत मला आणि ताईला भुकेची आठवणही नव्हती. ते शब्द ऐकले आणि पोटात एकदम आग पडली. दोघं चालत स्टेशनकडे गेलो. बाहेर एका गाड्यावर गार झालेली भजी मिळाली. बसायला काही नाही. ताई रस्त्याकडे पाठ करून, भिंतीशी तोंड करून उभ्यानं खात होती, कारण पलीकडे मोटारसायकली लावून थांबलेली पोरं तिच्याकडेच बघत होती. बापाचा जीव वाचलाय आणि माझी बहीण भिंतीकडे तोंड करून खातेय, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून अजून हललेलं नाही. त्या रात्री आम्हाला खायला मिळालं. मिळाली नाही ती टेकायला जागा, डोक्यावर दिवा, आणि शेजारी चार घरंदाज माणसं.

मिरजेत मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी मिशन हॉस्पिटल 1894 मध्ये सुरू केलं. तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं गाव आहे. कोकणातून, सोलापूरकडून, सीमेपलीकडच्या कर्नाटकातून पेशंट येतो आणि एका पेशंटमागं तीन-चार नातेवाईक येतात. आता तर सांगली-मिरज रस्त्याच्या दोन्ही अंगांना दवाखानेच दवाखाने आहेत. रात्री अकरानंतर त्या रस्त्यानं जाऊन बघा. पायऱ्यांवर, फुटपाथवर सतरंजी टाकून बसलेली माणसं दिसतील. बायका जास्त दिसतील. त्यातल्या कितीजणी उपाशी आहेत हे कुणी विचारत नाही, कारण त्या इथल्या मतदार नाहीत आणि त्यांचा कागद आमच्या गल्लीत फिरत नाही.

तेवढ्यावरच थांबत नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत दुसरी पाळी सुटते तेव्हा गाव झोपलेलं असतं. विलिंग्डन 1919 चं, वालचंद 1947 चं. दोन्ही कॉलेजं विश्रामबागेतली. परीक्षेच्या दिवसांत आसपासच्या खोल्यांतली पोरं दोन-दोन वाजेपर्यंत जागी असतात. आणि ही सांगली नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथल्या राजवाड्यात पटवर्धन सरकारांपुढं पहिला खेळ केला, म्हणून दर 5 नोव्हेंबरला आपण छाती काढून रंगभूमी दिन साजरा करतो. पण रात्रीचा प्रयोग सुटल्यावर प्रेक्षकाला नाटकाबद्दल दोन शब्द बोलायला, कॉफी घ्यायला या नाट्यपंढरीत जागा कुठंय? नाटक बघून आलेली माणसं नाट्यगृहाच्या पार्किंगमध्ये गाडीला टेकून पाच मिनिटं बोलतात आणि घरी जातात. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीसाठी रात्र रात्र गाणं चालतं, आणि ऐकणारे चिंचेच्या झाडाखाली मांडी घालून बसतात. रात्री जागणं या भागाला नवीन नाही. नवीन आहे ते रात्री जागणाऱ्याला संशयानं बघणं.

आणि ऊन. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला जातो. स्लॅबचं घर रात्री दहापर्यंत भट्टीसारखं असतं. कृष्णेकडून वारा सुटतो तो त्यानंतर. झाडाखाली बसावं अशी वेळ होते आणि नेमकी तेव्हाच अंगणातली टेबलं उचलायची. आत एसी लावून तीच माणसं साडेबारापर्यंत बसवायला मालकाला कुणाची आडकाठी नाही. विजेचं बिल त्याचं आणि गरम हवा गल्लीची.

इथं कायद्याचा विषय येतो. त्यावर दोन्ही बाजू अर्धंच बोलतात. मालकाच्या बाजूची माणसं म्हणतात, चोवीस तास उघडं ठेवायचा कायदाच आहे, परवानगी कसली मागता? ते निम्मं खरं आहे. दुकानं आणि आस्थापनांचा नवा कायदा राज्यात 19 डिसेंबर 2017 पासून लागू झाला, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये शासनानं पुन्हा एकदा स्पष्ट केलं की दारू देणाऱ्या जागा वगळून दुकानं, हॉटेलं चोवीस तास चालू ठेवता येतात. पण तो कायदा हॉटेल किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं ते सांगतो. अंगणात टेबल मांडायचा हक्क त्यातून मिळत नाही. इमारतीभोवती जी सामासिक जागा सोडायला लावतात, ती हवा-उजेडासाठी असते आणि वेळ पडली तर अग्निशमनची गाडी आत यावी म्हणून असते. तिथं काय मांडायचं आणि काय नाही हे महापालिका ठरवणार.

याचं महत्त्व कुणाला वाटत नसेल तर एक तारीख सांगतो. तो कायदा लागू झाल्यावर दहाच दिवसांनी, 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री, मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली आणि 14 माणसं गेली. माणसं बाहेर पडू शकली नाहीत. उशिरापर्यंत चालण्यानं आग लागत नाही हे मलाही कळतं. पण उघड्यावर मांडलेल्या प्रत्येक टेबलाला 'माणूस इथून किती पावलांत बाहेर पडेल' हे विचारायलाच हवं. आमच्या अंगणाला फाटक एकच आहे आणि त्याच्या निम्म्या रुंदीत मालकाची स्कूटर उभी असते. परवानगी देणाऱ्यानं आधी ती स्कूटर बघावी.

शेजाऱ्यांच्या बाजूची माणसं म्हणतात, रात्री दहानंतर आवाज करायला बंदीच आहे. हेही निम्मंच खरं. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्र म्हणजे दहा ते सहा असं धरतात. राहत्या वस्तीत रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, दिवसा 55 ची. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. वस्तीत हॉर्न वाजवता येत नाही. पण माणसानं माणसाशी बोलायला बंदी कुठल्याच नियमात नाही. नसावीही.

मग त्रास कशाचा होतो? हे समजून घ्यायला मी मागच्या आळीतल्या आजींकडे गेलो. त्यांच्या घराची मागची खिडकी हॉटेलच्या अंगणावर उघडते. कंपाउंडला मेंदीचं कुंपण, कुंपणापासून खिडकी दोन हातांवर. आजी पंच्याऐंशीच्या पुढच्या. खिडकी बंद केली तर जीव गुदमरतो आणि उघडी ठेवली तर झोप लागत नाही. मी त्यांच्या खोलीत रात्री दहापासून पाऊण तास बसलो. दिवा बंद केला आणि ऐकत राहिलो.

बोलण्याचा आवाज येत होता, पण तो पाण्याच्या आवाजासारखा सलग. थोड्या वेळानं त्याची सवय होते. आजींनाही होते, त्या स्वतःच म्हणाल्या. मग कुणीतरी जेवून उठलं आणि लोखंडी खुर्ची शहाबादी फरशीवरून मागं सरकली. खर्रर्र. तो आवाज थेट दातांत जातो. आजींनी पलंगाच्या काठावर हात टेकला. दोन मिनिटं शांत, पुन्हा खर्रर्र. पाऊण तासात मी सव्वीस खुर्च्या मोजल्या. मग फाटकाशी निरोपानिरोपी सुरू झाली. आत हळू बोलणारी माणसं फाटकाशी आली की मोठ्यानं बोलतात, हे मी तिथं पहिल्यांदा लक्षात घेतलं. 'फोन कर रे पोचल्यावर', 'उद्या येतो मग', पोराला हाका, आणि शेवटी बुलेट चालू. आजी म्हणाल्या, "बोलू देत की बाबा, माणसं आहेत. पण त्या खुर्च्या उचलून ठेवा म्हणावं." हॉटेलला विरोध असणाऱ्या कागदावर आजींचा अंगठा आहे. त्यांना विचारलं, तुमची तक्रार वेळेची आहे का? त्या म्हणाल्या, "मला वेळ कळते होय अंधारात?"

आता थोडं गणित. ते केल्याशिवाय हा वाद सुटणार नाही. एक माणूस साध्या आवाजात बोलतो तेव्हा एक मीटरवर साधारण 60 डेसिबल भरतात. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात. म्हणजे दोन मीटरवर 54, चारवर 48, आठवर 42. खिडकीपासून टेबलं सरासरी आठ मीटरवर धरली, तर एकट्यादुकट्याचं बोलणं आजींपर्यंत कायद्याच्या मर्यादेच्या आतच पोहोचतं. पण टेबलं बारा आहेत. टेबलामागं एकजण धरला तरी एका वेळी बाराजण बोलतात, आणि बारा आवाज एकत्र आले की जवळजवळ अकरा डेसिबलची भर पडते. 42 चे 53 होतात. मर्यादा 45 ची. शिवाय भोवती गलका वाढला की प्रत्येकजण आपला आवाज आपोआप चढवतो, म्हणून खरा आकडा 53 च्या वरच जाईल.

हेच गणित उलट्या बाजूनं करून बघा. टेबलं बारावरून सहावर आणली तर तीनच डेसिबल कमी होतात. माणसं निम्मी केली म्हणून आवाज निम्मा वाटत नाही. पण खिडकीकडची सहा टेबलं काढून लांबची सहा ठेवली, तर संख्या आणि अंतर दोन्हींचा फायदा मिळतो. लांबच्या टेबलांचं अंतर सोळा मीटर धरलं तर आकडा 44 च्या आसपास येतो. त्यात मेंदीच्या कुंपणाऐवजी डोक्याच्या वर जाणारी पक्की भिंत घातली, तर तळमजल्याच्या खिडकीला आणखी पाच-दहा डेसिबलचा आडोसा मिळतो. मेंदी डोळ्यांना थंडावा देते, पण तिच्यातून आवाज सरळ येतो. भिंतीचा उपयोग वरच्या मजल्याला होत नाही हेही खरं. आजींचा नातू वरच्या खोलीत झोपतो, त्याला भिंतीच्या वरून सगळं ऐकू येणार. तिथं अंतर आणि टेबलांची संख्या हेच औषध.

आणि खुर्ची? नियमातली मर्यादा ठरावीक वेळाच्या सरासरीवर मोजतात. एक खर्रर्र त्या सरासरीत बुडून जातो. मीटर म्हणेल सगळं ठीक आहे, आणि आजी जाग्याच राहतील. यावर उपाय इतका साधा आहे की लिहायलाही संकोच वाटतो. खुर्चीच्या चारही पायांना रबरी बुचं. हार्डवेअरच्या दुकानात डब्यात भरून ठेवलेली असतात. बारा टेबलांच्या सगळ्या खुर्च्यांना लागतील तेवढी बुचं एका टेबलाच्या जेवणाच्या बिलात येतील. दोन वर्षं झाली हॉटेल चालू होऊन. एकानंही ती लावा म्हणून सांगितलं नाही, कारण सगळे घड्याळाकडे बघत होते.

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट पुढची. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत तक्रारीचं जे कलम आहे, ते असं सांगतं की मर्यादेपेक्षा आवाज 10 डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल तर माणूस तक्रार करू शकतो. लाउडस्पीकर, हॉर्न, फटाके असतील तर रात्रीचे निर्बंध मोडल्याची तक्रार वेगळी. पण नुसत्या बोलण्याचा आवाज 53 भरला, तर तो 45 च्या मर्यादेपेक्षा आठनंच जास्त आहे. म्हणजे मर्यादा मोडली आहे, झोप मोडली आहे, तरी आजींची तक्रार त्या कलमात बसत नाही. 55 भरेपर्यंत त्यांनी थांबायचं. फोन केला तर पोलीस येतील, बघतील, माणसं जेवताहेत म्हणून परत जातील. त्यांचंही चुकलं म्हणता येणार नाही.

म्हणूनच सगळं काही परवानगीच्या कागदावर ठरतं. शेजाऱ्याला जे काही संरक्षण मिळायचं ते तिथं लिहिलं तरच मिळतं. एकदा 'साडेबारापर्यंत परवानगी' एवढं एक वाक्य शिक्क्यासह हातात पडलं, की पुढं मालकाशी बोलताना शेजाऱ्याच्या हातात काही उरत नाही. आणि उलटंही आहे. आज विरोध करून अर्ज फेटाळला, तर साडेदहापर्यंतच्या खुर्च्या तशाच खरखरत राहतील, फाटकाशी बुलेट तशीच फडफडत राहील. आजींना काय मिळालं? दोन तास आधी तोच त्रास.

मी अधिकाऱ्यांच्या जागी असतो तर कागदावर असं लिहिलं असतं. साडेदहानंतर अंगणात सहाच टेबलं आणि तीही झाडाच्या पलीकडची. शेवटची ऑर्डर पावणेबाराला. बाहेर स्पीकर नाही, हळू आवाजातलाही नाही, क्रिकेटची मॅच असली तरी नाही. खुर्च्यांना बुचं, मागं भिंत. रात्री दहानंतर गाड्या गल्लीत लावायच्या नाहीत, मुख्य रस्त्याला लावायच्या, आणि फाटकाशी एक माणूस उभा करायचा, जो हात जोडून 'जरा हळू' एवढंच म्हणेल. आपल्याकडच्या माणसाला हात जोडून सांगितलं की तो ऐकतो, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे. पाटी लावली तर तीच माणसं वाचत नाहीत.

परवानगी सुरुवातीला तीन महिन्यांचीच द्यावी, आणि ते तीन महिने मार्च ते मेच असावेत. मालक म्हणतोय पावसाळ्यापासून सुरू करून बघू. त्यात अर्थ नाही. जुलैमध्ये अंगणात कोण बसणार? आणि घरोघरच्या खिडक्या बंद असतात. तेव्हा तक्रार आली नाही तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. परीक्षा घ्यायची तर उन्हाळ्यात, खिडक्या उघड्या असताना घ्या. मोजणी प्रमाणित मीटरनं आणि आजींच्या खिडकीत व्हावी, हॉटेलच्या काउंटरवर नको. गणपतीत पोलीस मीटर घेऊन मिरवणुकीत फिरतात, तोच मीटर एका रात्री इकडे आणता येतो.

एक माणूस मात्र दोन्ही कागदांत नाही. अंगणात टेबलं पुसणारा पोरगा जतकडचा आहे. सकाळी दहाला कामावर येतो, अंगण आवरून झोपायला जातो तेव्हा साडेअकरा झालेले असतात. गच्चीवरच्या खोलीत चौघं राहतात. आठवड्याची सुट्टी कधी असते विचारलं तर म्हणाला, "गर्दी नसंल तवा." बैठक साडेबारापर्यंत गेली की भांडी, झाडलोट धरून त्याला दीड वाजणार, आणि सकाळचे दहा काही पुढं सरकणार नाहीत. दुसरी पाळी लावणार आहात का, हे मी मालकाला सरळ विचारलं. तो म्हणाला, "सर, पोरं अडजस्ट करतात."

पोरं अडजस्ट करतात हे खरं आहे, कारण त्यांना दुसरा इलाज नाही. चोवीस तासांची मुभा देणाऱ्या त्याच कायद्यात लिहिलंय की कामगाराला आठवड्यातून सलग 24 तास सुट्टी द्यायची आणि जादा कामाला दुप्पट दरानं पैसे द्यायचे. बाईमाणूस रात्री साडेनऊनंतर कामावर असेल तर तिची संमती हवी, आणि तिला सुरक्षित घरी पोचवायची जबाबदारी मालकाची. कायद्याचा मुभेचा भाग तेवढा घ्यायचा आणि जबाबदारीचा सोडायचा, हे चालणार नाही. शिवाय कामगार थोडे असले की त्या कायद्यातली बरीचशी कलमं लहान हॉटेलापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून इथंही तेच. परवानगीच्या अटींतच लिहा की रात्रीची पाळी वेगळी असेल आणि तिच्यातल्या माणसांची यादी दर्शनी भागात लावलेली असेल. मालकाला ते परवडत नसेल, तर दोन तास वाढवणंच त्याला परवडत नाही असा त्याचा अर्थ. तो खर्च जतच्या पोराच्या झोपेतून काढायचा नाही.

हरकतीच्या कागदात आणखी एक-दोन गोष्टी आहेत. 'मुलं बिघडतील' असं एक वाक्य आहे. या हॉटेलात दारू मिळत नाही, मिळणार नाही. मिळत असती तर हरकतीच्या कागदावर पहिली सही माझी असती. परमिट रूमचा विषय वेगळा आहे आणि शासनानंही तो वेगळाच ठेवलाय. पण उजेडात, आईबापांच्या नजरेसमोर, डोसा खात बसलेली मुलं बिघडतात हे मला पटत नाही. बंद टपरीमागं, अंधारात, उभ्यानं जे चालतं त्याची काळजी जास्त वाटते. रात्री उघडी असलेली, दिवा लागलेली एक जागा गल्लीला राखण देते. ताई त्या रात्री अशा अंगणात बसली असती तर पोरांनी मान वळवून बघितलंही नसतं.

'एकाला दिली की सगळे मागतील' ही भीती खरी आहे. मागू देत. अटी सगळ्यांना सारख्याच लावा. ज्याला शेजारच्या खिडकीपासून तीन मीटरवरच टेबलं मांडावी लागतात त्याला मिळणार नाही, ज्याच्याकडे जागा आहे त्याला मिळेल. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान 100 मीटरचं शांतता क्षेत्र शासनाला जाहीर करता येतं आणि अशा क्षेत्रात रात्रीची मर्यादा 40 ची आहे, तिथं अंगण उघडं ठेवायला अजिबात देऊ नये. दवाखान्यापाशीच जेवणाची गरज जास्त, हे मी वर लिहिलंच आहे. पण तिथं आत बसवा, दारं लावून बसवा. आतल्या पेशंटची झोप बाहेरच्या नातेवाइकाच्या जेवणापेक्षा मोठी आहे. मी स्वतः बाहेर उपाशी बसलो होतो तरी हेच म्हणेन.

एकानं मला असंही सुनावलं की मिरजेची विसर्जन मिरवणूक चोवीस चोवीस तास चालते, तेव्हा कुठं जाते तुमची आजी? हा मुद्दा हॉटेलच्या बाजूनं सारखा मांडला जातो आणि तो चुकीचा आहे. सणात लाउडस्पीकरला बारापर्यंत सूट देता येते ती वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस. त्या दिवसांची तयारी माणूस करतो, आजींना लेक आपल्याकडे घेऊन जाते. हॉटेल वर्षभर चालतं. तेव्हा आजींनी रोज कुठं जायचं? शिवाय डीजेचा त्रास आहे म्हणून खुर्चीचा सोसावा, हे कुठलं तर्कट? माझ्या मते दोन्ही कमी व्हायला पाहिजेत, आणि खुर्चीचा त्रास एका दुपारीत कमी होण्यासारखा आहे.

अर्जावर सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे, भर दुपारी, महापालिकेच्या हॉलमध्ये. तिथं मालक बोलेल, कागदवाले बोलतील, पंखे फिरत असतील, आणि रात्रीचा आवाज कुणालाच ऐकू येणार नाही. मी लेखी विनंती दिली आहे की निर्णय देण्याआधी अधिकाऱ्यांनी एका रात्री अकराला इथं यावं. मालकाला बारा टेबलं भरून ठेवायला सांगावं, मग सहा, मग खुर्च्यांना बुचं लावून पुन्हा सहा. आणि हे सगळं अंगणात उभं राहून नको, मागच्या खोलीत बसून, दिवा बंद करून ऐकावं. जतच्या पोरालाही त्या दिवशी सुट्टी कधी मिळते ते तिथंच विचारावं. आजींना मी आधी विचारून घेतलंय. त्या म्हणाल्या, या म्हणावं, पण चपला बाहेर काढून हळू या, सून पहाटे साडेचारला उठते.